मोहफुलाच्या प्रक्रिया केंद्रासाठी शासकीय अनुदान: अर्जाआधी हंगामाचा हिशेब मांडा

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावरचा आणि त्यातल्या उपजावरचा गावाचा एकत्रित कायदेशीर हक्क, मिळून आठ-नऊ वर्षं झाली. तीन बचतगटांच्या बाया मोहफुलाचे लाडू आणि मनुका करून यात्रेत नि तालुक्याच्या प्रदर्शनात विकतात. आता त्यांना प्रक्रिया केंद्र काढायचं आहे. वन धन, शबरी, पेसाचा निधी, धरती आबा अशी नावं कानावर येतात, पण अर्ज नेमका कुठे करायचा ते कळत नाही. प्रकल्प अहवाल करून द्यायला एक सल्लागार पन्नास हजार मागतो आहे, ते द्यावेत का, असंही त्यांनी विचारलं आहे.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पन्नास हजार देऊ नका. तुम्हाला लागणारा अहवाल दहा पानांचा आहे. त्यातली आठ पानं तुमच्या गटातल्या बायांनाच भरता येतील, कारण मोह किती पडतो, कोण वेचतं, कुठल्या भावाने जातो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. उरलेल्या दोन पानांसाठी काय लागतं ते पुढे सांगतो.

मी गेली अठरा वर्षं गडचिरोली, चंद्रपूर आणि मेळघाटातल्या ग्रामसभांसोबत ठराव, प्रस्ताव आणि हिशेबाचं काम करतो आहे. या काळात मंजूर झालेली पुष्कळ केंद्रं पाहिली. त्यातली बरीच आज कुलूपबंद आहेत. अनुदान मिळालं नाही म्हणून बंद पडलेली त्यात फार थोडी. बहुतेक बंद पडली ती अनुदान मिळाल्यावर, पहिल्या किंवा दुसऱ्या हंगामात, माल विकत घ्यायला हातात रोकड नव्हती म्हणून. त्यामुळे कुठे अर्ज करायचा हे सांगण्याआधी मी तुम्हाला कॅलेंडर बघायला लावणार आहे.

मोह फाल्गुनात गळायला लागतो. आपल्याकडे साधारण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत वेचणी चालते. शासनाचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे ज्या पाच आठवड्यांत तुम्हाला रोज संध्याकाळी वेचणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवायचे आहेत, त्यातला अर्धा काळ कार्यालयं जुन्या वर्षाची बिलं कोषागारात लावण्यात गुंतलेली असतात आणि उरलेल्या अर्ध्या काळात नव्या वर्षाची तरतूद खाली उतरलेली नसते. ती उतरेपर्यंत पावसाळा येतो. तेंदूपत्त्याचंही तसंच, तो मे महिन्यात. जंगलाचा हंगाम आणि निधीचा हंगाम असे एकमेकांना चुकवतात, आणि ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात एवढंच आहे की, हंगामाच्या खरेदीचा पैसा अनुदानावर अवलंबून ठेवायचा नाही.

आता आकडे घ्या. समजा तुमच्या गावात साठ कुटुंबं आहेत आणि प्रत्येकी दोन क्विंटल वाळला मोह निघतो. म्हणजे १२० क्विंटल. २०२० मध्ये केंद्र सरकारने वाळल्या मोहफुलाची किमान आधारभूत किंमत किलोला १७ वरून ३० रुपये केली होती, तोच भाव हिशेबाला धरू. सगळा मोह घ्यायचा तर ३ लाख ६० हजार रुपये रोख लागतील, तेही पाच आठवड्यांत. तीन गटांकडे एवढी रक्कम नसते, आणि पहिल्या वर्षी तिची गरजही नाही. लाडू आणि मनुकांसाठी पहिल्या वर्षी १५ क्विंटल पुष्कळ झाला. त्याला ४५ हजार लागतात. ४५ हजार उभे करता येतात: थोडे गटांच्या बचतीतून, थोडे उमेदमधून (बचतगटांसाठीच्या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून) मिळणाऱ्या फिरत्या निधीतून किंवा बँकेच्या गटकर्जातून, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे ग्रामसभेच्या स्वतःच्या उत्पन्नातून. तुमची ग्रामसभा तेंदूपत्ता किंवा बांबू स्वतः विकत असेल, तर तिच्या खात्यात शिल्लक असणार. त्यातून गटाला दिवाळीपर्यंत परतफेडीच्या बोलीवर उसने देण्याचा ठराव करा. परत न केल्यास काय, हेही त्याच ठरावात लिहा. असं उसनं एकदा वेळेवर परत झालं की दुसऱ्या वर्षी ग्रामसभा जास्त द्यायला कचरत नाही. हे मी तीन-चार गावांत प्रत्यक्ष पाहिलं आहे.

पहिल्या हंगामात यंत्रही घेऊ नका. जाळ्या घ्या. मोहाच्या झाडाखाली पालापाचोळा जाळून जागा साफ करण्याची पद्धत तुमच्याकडेही असेल. त्या आगी जंगलात पसरतात, आणि राखेत, मातीत पडलेलं फूल खाण्याच्या पदार्थाला चालत नाही. झाडाखाली जाळी बांधली की फूल जमिनीला न लागता जमा होतं. असं स्वच्छ फूल आणि जमिनीवरून वेचलेलं फूल यांच्या भावात मोठा फरक पडतो, आणि लाडूच्या धंद्यात तर तोच फरक निर्णायक ठरतो. दाताखाली माती आलेला लाडू गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही. जाळीनंतर वाळवण्यासाठी उंचावरचे माचे, आणि त्यानंतर हवाबंद साठवण. पावसाळ्यात मोह ओल धरतो, काळा पडतो, कीड लागते. एप्रिलमध्ये सगळं गाव एकाच वेळी विकतं तेव्हा भाव पडलेला असतो आणि श्रावणात तोच मोह चढ्या भावाने परत विकत घ्यावा लागतो, हे तुमच्या आजीनेही अनुभवलं असेल. चांगल्या झाकणाची पिंपं आणि कोरडी खोली, एवढ्यावरसुद्धा पहिल्या वर्षी पैसे सुटतात.

हे सगळं समजून घेतलं की मग कोणत्या योजनेतून काय मागायचं हे आपोआप स्पष्ट होतं.

तुमच्या सगळ्यात जवळचा निधी म्हणजे पेसाचा पाच टक्के अबंध निधी. पेसा म्हणजे अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आणि अबंध म्हणजे कशावर खर्च करायचा हे गावाने ठरवायचं. राज्याच्या आदिवासी उपयोजनेतला (अर्थसंकल्पात आदिवासींसाठी वेगळ्या ठेवलेल्या निधीतला) पाच टक्के हिस्सा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचा, असा निर्णय २०१५ मध्ये झाला. महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे आणि तुमचं गाव त्यात येतं. हा पैसा ग्रामसभा कोषात येतो आणि तो चार प्रकारच्या कामांवर खर्च करता येतो: पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसा कायद्याची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता, शिक्षण, आणि चौथा प्रकार म्हणजे वनीकरण, जलसंधारण, वन्यजीव पर्यटन आणि वन उपजीविका. या चौथ्या प्रकारावर गावं क्वचितच दावा सांगतात. आराखडा बसतो तेव्हा रस्ता, नाली, समाजमंदिराची डागडुजी अशी यादी आधीच तयार असते आणि बाया बैठकीला पोहोचेपर्यंत सह्या झालेल्या असतात. तुमच्या तीन गटांनी आराखड्याच्या ग्रामसभेला सगळ्यांत आधी जाऊन बसावं आणि जाळ्या, वजनकाटा, पिंपं, माचे यांचा खर्च वन उपजीविकेखाली लिहून घ्यावा. लोकसंख्येप्रमाणे वाटप होत असल्याने लहान पाड्याच्या वाट्याला मोठी रक्कम येत नाही, पण या सामानाला पुरेल एवढी येते. मी आजवर पाहिलेल्या अनुदानांत सगळ्यात कमी कागदात मिळणारं हेच आहे. माझा आग्रह आहे की पहिला प्रयत्न इथेच करा.

दुसरा दरवाजा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचा. तिथे न्यूक्लिअस बजेट नावाची तरतूद असते. स्थानिक गरज ओळखून प्रकल्प अधिकाऱ्याच्या पातळीवर छोट्या योजना घेता याव्यात, हा तिचा उद्देश. उत्पन्नवाढीचा आणि प्रशिक्षणाचा असे गट त्यात आहेत. लाडू, मनुका, सरबत यांचं प्रशिक्षण आणि पॅकिंगचं लहान साहित्य इथून मागावं. दरवर्षी अर्ज मागवण्याची सूचना निघते. ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि मुदत थोडी असते, म्हणून कार्यालयातल्या योजनेच्या टेबलावर महिन्यातून एकदा चक्कर हवी.

आता वन धन, म्हणजे बचतगटांनी वनोपजावर प्रक्रिया करून विकण्याची केंद्रं काढायची केंद्र सरकारची योजना. नाव सगळ्यात मोठं आणि गैरसमजही सगळ्यात जास्त. ही योजना १४ एप्रिल २०१८ ला छत्तीसगडमधल्या बिजापूरला सुरू झाली. केंद्र सरकारच्या पातळीवर तिचं काम ट्रायफेड ही आदिवासींच्या मालाच्या विक्रीसाठीची संस्था बघते. आपल्या राज्यात प्रस्ताव नाशिकच्या शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळामार्फत जातात, आणि सुरुवात तुमच्या प्रकल्प कार्यालयातूनच होते. एका केंद्राला १५ लाखांपर्यंत अनुदान मिळतं. केंद्राची रचना मात्र ठरलेली आहे: २० जणांचा एक गट, असे १५ गट, मिळून ३०० सभासद. तुमच्याकडे तीन गट आहेत. म्हणजे आजूबाजूची पाच-सहा गावं सोबत घ्यावी लागतील. खरं काम इथे सुरू होतं.

गौण वनोपजाची (मोह, तेंदू, बांबू अशा उपजाची) मालकी वनहक्क कायद्याने ग्रामसभेची आहे, वन धन केंद्राची नाही. सहा गावांचा मोह एका केंद्रात जाणार असेल, तर प्रत्येक ग्रामसभेने स्वतंत्र ठराव करायला हवा: आमच्या गावचा किती माल, कुठल्या भावाने, कुठल्या प्रतीचा द्यायचा, पैसे किती दिवसांत मिळायला हवेत, नफ्यातला किती हिस्सा ग्रामसभेच्या कोषात परत यायचा, केंद्राची यंत्रं शेवटी कोणाच्या मालकीची. हे आधी लिहिलं नाही तर केंद्र ज्या गावात उभं राहतं ते गाव मालक होतं आणि बाकीची गावं कच्चा माल पुरवणारी होतात. तालुक्यात एखादी संस्था सगळ्या गटांच्या नावावर केंद्र घेते आणि बायांना आपण सभासद आहोत हेच माहीत नसतं, अशीही गावं मी पाहिली. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली, तसा काही आधार तुमच्या भागात असेल तर गावांची जुळवाजुळव तिथून करा, बाहेरच्या संस्थेकडून नको. चांगली उदाहरणंही आहेत. ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेलीपासून सुरुवात केली आणि मोठ्या औषध कंपन्यांना माल पुरवण्यापर्यंत मजल मारली. त्यांच्याकडे माल होता, तो कोणाला हवा आहे हे त्यांनी शोधलं होतं, आणि योजनेचा उपयोग त्या साखळीला बळ द्यायला झाला.

कर्जाशी जोडलेली अनुदानंही आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाच्या केंद्रीय योजनेत युनिटला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचतगटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल अशी रचना होती. बीजभांडवल खेळत्या भांडवलाला आणि लहान अवजारांना वापरता येतं, म्हणून तुमच्या दृष्टीने तेच जास्त मोलाचं. अर्जाआधी ही योजना चालू आहे का आणि कोणत्या अटींवर, हे कृषी विभागाच्या तालुका कार्यालयात विचारून घ्या.

तुमच्या गावात माडिया कुटुंबं असतील तर १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमनचा, म्हणजे आदिम जमातींसाठीच्या केंद्र सरकारच्या अभियानाचा, विचार वेगळा करा. महाराष्ट्रात माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी या तीन आदिम जमाती त्यात येतात आणि त्यांच्या वस्त्यांसाठी वन धन केंद्रांचीही तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासूनचं धरती आबा अभियान म्हणजे आदिवासी गावांसाठी केंद्र सरकारच्या १७ मंत्रालयांच्या कामांची मोट आहे. त्यातून सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाला मदत मागता येते. गावाचा व्यवस्थापन आराखडा तयार नसेल तर तो आधी करा. मोहाची किती झाडं, कुठे, त्यातली किती म्हातारी, नवीन रोपं येताहेत का, हे त्या आराखड्यात असतं आणि तुमच्या प्रक्रिया केंद्राच्या कच्च्या मालाचा पुरावाही तोच.

एक मोठी चूक टाळा: केंद्राची इमारत वनजमिनीवर दाखवू नका. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावासाठी १३ सुविधांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याचे साठे, समाजमंदिर, कौशल्य प्रशिक्षण केंद्र त्यात आहेत. प्रक्रिया उद्योगाची शेड त्या यादीत नाही. वनजमिनीचा नकाशा जोडलेला प्रस्ताव वर्षभर टेबलाटेबलावर फिरतो आणि शेवटी परत येतो. गावठाणातली जागा, ग्रामपंचायतीची रिकामी खोली, बंद पडलेलं गोदाम, काहीही चालेल. कागदावर मालकी आणि ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र हवं.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे. काही वर्षांपूर्वी एका गावासाठी मी प्रस्ताव लिहिला. वाळवणी यंत्र आणि दळणयंत्र मंजूर झालं, गावात पेट्या उतरल्या, सगळ्यांनी नारळ फोडला. यंत्रं थ्री-फेजवर चालणारी होती आणि गावात वीज सिंगल-फेज होती. मी कोटेशन वाचलं होतं, पण विजेचा खांब बघायला गेलो नव्हतो. दोन पावसाळे त्या पेट्या तशाच पडून राहिल्या, आणि गावातल्या बाया मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, याचं दुःख अजून जात नाही. तेव्हापासून माझ्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तीन ओळी असतात: वीज कोणती, पाणी कुठून, यंत्र बिघडलं तर दुरुस्ती करणारा किती किलोमीटरवर. तुम्हीही त्या लिहा.

आता फायलीविषयी. ग्रामसभेच्या नावाने बँक खातं आणि पॅन क्रमांक हवाच. पॅन नसेल तर व्यापाऱ्याकडून येणाऱ्या रकमेतून कर जास्त दराने कापला जातो आणि तो सोडवायला पुढे फार त्रास होतो. वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेची गणपूर्ती (कोरम) निम्म्या सभासदांची आहे आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. प्रकल्पाचा ठराव याच गणपूर्तीने करा, म्हणजे पुढे कोणी त्यावर बोट ठेवू शकणार नाही. ठरावासोबत हजेरीच्या सह्या आणि अंगठे. वनहक्काच्या पट्ट्याची प्रत. तीन दुकानांची कोटेशनं, त्यावर विजेचा तपशील लिहिलेला. अन्न सुरक्षेची नोंदणी, जी छोट्या उत्पादकाला ऑनलाइन मिळते. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलांवरचे साठवणुकीचे आणि वाहतुकीचे निर्बंध उठवले, त्या निर्णयाची प्रतही फायलीत ठेवा. वाटेत गाडी अडवणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असतोच असं नाही. आणि वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देऊ शकते, हे विसरू नका. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडायला एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात यावे लागले. तो हक्क इतक्या कष्टाने आला आहे. तो वापरा.

अहवालाच्या त्या उरलेल्या दोन पानांत दोन तक्ते हवेत. एकात दर महिन्याला किती पैसे बाहेर जातील आणि किती आत येतील. दुसऱ्यात एका किलो लाडवाचा खर्च: मोह, गूळ, तीळ, इंधन, पाकीट, वाहतूक, आणि बायांची मजुरी. मजुरी शून्य धरू नका. पुष्कळ प्रस्तावांत ती शून्य असते, म्हणून नफा छान दिसतो आणि सहा महिन्यांनी बाया यायच्या थांबतात. हे तक्ते तुमच्या गावातला बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी करू शकेल. उमेदच्या तालुका व्यवस्थापकालाही मदत मागा, ते त्यांचं कामच आहे. आणि मंजुरीच्या रकमेतून टक्केवारी मागणारा कोणीही असो, त्याला फाईल देऊ नका.

पैसे मंजूर झाल्यावर दचकू नका, अशीही एक गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या पुष्कळ योजनांत आता रक्कम खालच्या खात्यात जमा होत नाही, वरच्या खात्यातून खर्च करण्याची मर्यादा मिळते. पासबुकात शून्य दिसलं म्हणून पैसे कोणी खाल्ले असं गावात पसरायला वेळ लागत नाही. बँकेत जाऊन मर्यादा विचारा आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवा. प्रत्येक खरेदीचं बिल, साठा नोंदवही आणि वस्तूसोबत काढलेला फोटो त्याच आठवड्यात फाईलला लावा. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, वेळेत गेलं नाही तर दुसरा हप्ता अडकतो, आणि वर्ष संपलं की शिल्लक परत मागितली जाते.

आत्ताच पोळा झाला आहे, म्हणजे मोहाला सहा महिने आहेत. या महिन्यात ग्रामसभेचा ठराव आणि पॅन. दिवाळीच्या आधी जाळ्या आणि पिंपांसाठी कोषाच्या आराखड्यात नोंद, प्रकल्प कार्यालयात प्रशिक्षणाचा अर्ज. डिसेंबरात शेजारच्या गावांशी बोलणी सुरू करा, वन धनसाठी. ती लांबली तरी चालतील. येत्या मार्चला वीस झाडांखाली जाळ्या बांधा, १५ क्विंटल मोह रोखीने घ्या, आणि कुठल्या झाडाचा किती, कोणाला किती पैसे दिले, कुठल्या भावाने विकला, हे एका वहीत लिहा. पुढच्या वर्षी १५ लाखांचा प्रस्ताव घेऊन जाल तेव्हा ती वही अहवालाच्या आधी टेबलावर ठेवा. वाचताना काही अडलं तर त्या पानांचे फोटो मला पाठवा, मी हिशेब तपासून देईन.